गॅस, गॅस आणि डिझेल: आरव्हीच्या जनरेटरचं इंधन, नवख्यांसाठी

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, घेतली त्या उन्हाळ्यातली पहिलीच ट्रिप. पेनसिल्व्हेनियात एका रेस्ट एरियावर चहाला थांबलो, मी बाहेर पाय मोकळे करत होतो आणि बायकोने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अरे, गॅस संपलाय वाटतं." मला वाटलं डॅशबोर्डवरचा काटा बघितला असेल हिने. पुढच्या एक्झिटला उतरलो, पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, झालं काम. शेगडी काही पेटेना. तिचा गॅस म्हणजे आपला सिलेंडरचा, माझा गॅस म्हणजे इथल्या लोकांचा, म्हणजे पेट्रोल. मग तिने विचारलं, "आणि जनरेटर यातला कुठला पितो?" मला सांगता आलं नाही.

अमेरिकेत नवीन आरव्ही घेणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींचं असंच होतं. सोलर, लिथियम बॅटरी, स्टारलिंक यावर आपण रात्ररात्र व्हिडिओ बघतो आणि जनरेटरचं काय, तर बटण दाबलं की चालू होतो, बास. मीही तेच केलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये चांगला दणका बसला, ते खाली येईलच. मी मेकॅनिक नाही, आयटीतला माणूस आहे, न्यू जर्सीत राहतो, फोर्ड ई-४५० वर बांधलेली सेकंडहँड क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावरची मधल्या आकाराची आरव्ही) आहे आणि आता चार सीझन झालेत. जे ठेचा खाऊन कळलं ते लिहितोय.

गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो, खाली पेट्रोल म्हणजे पंपावरचं, प्रोपेन म्हणजे सिलेंडरमधलं. "गॅस" हा शब्द मी वापरणारच नाही.

१. आधी झाकण उघडून पाटी वाचा

बिल्ट-इन जनरेटर असेल तर आरव्हीच्या बाहेरच्या बाजूला त्याचं झाकण असतं. ते उघडलं की पाटी किंवा स्टिकर दिसतं, त्यावर मॉडेल नंबर, वॉट आणि इंधन लिहिलेलं असतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, शेवटच्या अक्षरासकट, कारण एक अक्षर चुकलं तर वेगळाच फिल्टर घरी येतो (माझ्याकडे असा एक पडून आहे, कोणाला हवा असेल तर सांगा).

पाटी पुसली गेली असेल तर ढोबळ अंदाज असा: पेट्रोलवर चालणारी क्लास ए (बससारखी मोठी) किंवा क्लास सी असेल तर जनरेटर बहुधा पेट्रोलचा आणि गाडीच्याच टाकीतून पिणारा. मागे इंजिन असलेली मोठी डिझेल पुशर असेल तर डिझेलचा, तोही गाडीच्या टाकीतून. मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेल्या छोट्या आरव्हीत मात्र लोक हमखास फसतात, गाडी डिझेलची पण जनरेटर बऱ्याचदा प्रोपेनचा असतो. ट्रेलर आणि फिफ्थ व्हीलमध्ये (दोन्ही दुसऱ्या गाडीने ओढायच्या) प्रोपेनचा असतो किंवा जनरेटरच नसतो, मग पोर्टेबल आणावा लागतो. टॉय हॉलरमध्ये (मागे बाइक वगैरे ठेवायची जागा असलेल्या ट्रेलरमध्ये) पेट्रोलची वेगळी टाकी असू शकते.

बिल्ट-इनचं इंधन तुम्हाला नंतर सहज बदलता येत नाही. म्हणजे "कुठलं इंधन निवडू" हा प्रश्न आरव्ही विकत घ्यायच्या आधी विचारायचा, नाहीतर पोर्टेबल घेताना. एकदा गाडी दारात आली की जे आहे ते नीट सांभाळायचं, एवढंच हातात उरतं.

२. अजून घेतली नसेल तर: तिघांपैकी कोण कसं

एका गॅलनमध्ये ऊर्जा किती यावरून बघितलं तर डिझेल सगळ्यात वर, साधारण १,३७,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), पेट्रोल १,२०,००० च्या आसपास आणि प्रोपेन ९१,५०० च्या जवळपास. याचा परिणाम थेट दिसतो. ओनान या आरव्ही-जनरेटर बनवणाऱ्या कंपनीचा जो जनरेटर पेट्रोलवर ४००० वॉट देतो त्याच्या प्रोपेनच्या भावाला ३६०० चीच पाटी असते, २८०० वाल्याचा भाऊ २५०० चा.

मग प्रोपेन कोण घेईल? तर ते शिळं होत नाही म्हणून. सिलेंडर दोन वर्षं गॅरेजबाहेर पडून राहिला तरी आतलं प्रोपेन जसंच्या तसं. पेट्रोल मात्र नारळाच्या चटणीसारखं आहे, ताजं असताना उत्तम, ठेवलं की गेलं. डिझेल मधलं, बऱ्यापैकी टिकतं पण पाणी शिरलं की त्याचेही नखरे सुरू.

माझं मत विचाराल तर: वर्षातून चार-पाच ट्रिपा आणि नोव्हेंबर ते मार्च गाडी झाकून ठेवणार असाल तर प्रोपेनचा जनरेटर कमी डोकेदुखीचा. महिनाभर सलग फिरणार, एसी भरपूर लावणार, तर पेट्रोल, कारण मोठी टाकी आधीच खाली आहे आणि पंप कुठेही मिळतो. प्रोपेनवर एसी चालवला तर २० पाउंडचा सिलेंडर एका दिवसातही संपू शकतो. डिझेल जनरेटर वेगळा असा निवडायचा नसतोच, डिझेल गाडीबरोबर तो येतो. आणि पोर्टेबल घेत असाल तर ड्युएल फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हीवर चालणारा बघा. थोडे पैसे जास्त जातात पण घरी प्रोपेनवरच चालवला तर कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) कटकट बरीच कमी होते.

३. काय काय जवळ पाहिजे

- जनरेटरचं मॅन्युअल, पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करून. यलोस्टोनमध्ये बऱ्याच ठिकाणी नेटवर्क नसतं, तिथे लिंक बघत बसाल.
- पाटीचा फोटो आणि एक वही किंवा चिकटपट्टी, तारीख आणि तास लिहायला.
- फ्युएल स्टॅबिलायझरची बाटली (पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून टाकीत घालायचं औषध).
- जादा फ्युएल फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल.
- स्प्रे बाटलीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी (प्रोपेनची गळती बघायला).
- बॅग तोलायचा हुकवाला काटा. इंडियाला जाताना ५० पाउंड मोजायला घेतलेला असतोच, तोच.
- चालू स्थितीतले कार्बन मोनॉक्साइडचे आणि प्रोपेनचे डिटेक्टर, मागची एक्सपायरी बघून.
- पोर्टेबल असेल तर पेट्रोलसाठी लाल कॅन. डिझेलला पिवळा आणि केरोसिनला निळा असतो, रंगांची सरमिसळ करू नका.

४. पेट्रोलचा जनरेटर: इथे सगळ्यात जास्त लोक रडतात

आधी पंपावर काय भरायचं ते. साधं ८७ ऑक्टेनचं, ज्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते चालतं. १५ टक्के इथेनॉलवालं, म्हणजे ई१५, भरायचं नाही. पंपावर त्याला नारिंगी लेबल असतं आणि बऱ्याच ठिकाणी ते "अनलेडेड ८८" म्हणून ८७ पेक्षा स्वस्त लावलेलं असतं. आपला मराठी हात स्वस्ताकडे आपोआप जातो, आणि ८८ म्हणजे ८७ पेक्षा भारीच की, असंही वाटतं. लेबल वाचलंत तर त्यावर लिहिलेलं असतं की २००१ आणि त्यानंतरच्या प्रवासी गाड्यांसाठी, पेट्रोलवर चालणाऱ्या इतर यंत्रांना नाही. तुमची टाकी जनरेटर आणि गाडी दोघांची, त्यामुळे "गाडीला चालतंय ना" हा हिशोब इथे लागू होत नाही. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) चा तर विषयच सोडा. कुठे इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर हिवाळ्याआधीच्या शेवटच्या भरणीला तेच भरा, महाग पडतं पण पैसे वसूल.

दुसरी गोष्ट, टाकीचा काटा पावाच्या खाली गेला की जनरेटर आपोआप बंद पडतो. हा बिघाड नाही. जनरेटरची नळी टाकीत मुद्दामच वर ठेवलेली असते, म्हणजे तासन्‌तास एसी चालवून तुम्ही जंगलात अडकू नये. बजाज चेतकचा रिझर्व्ह आठवतो का, गाडी बंद पडली की नॉब फिरवायचा आणि पंपापर्यंत जायचं? हा तसाच रिझर्व्ह आहे, फक्त नॉब नाही आणि तो जनरेटरसाठी नसून गाडीसाठी आहे. माझ्या ५५ गॅलनच्या टाकीत तेव्हाही १३-१४ गॅलन शिल्लक असतं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी भर दुपारी अर्धा तास स्टार्टर मारत बसलो होतो.

आता तो एप्रिलचा दणका. पहिल्या ऑक्टोबरमध्ये गाडी ड्राइव्हवेत लावली, पाण्याच्या पाइपांत अँटिफ्रीझ घातलं, बॅटरी काढली, वर ताडपत्री टाकली, शेजाऱ्याने पण शाबासकी दिली. जनरेटरकडे बघितलंही नाही. एप्रिलमध्ये बटण दाबलं, आठ-दहा वेळा खोकला, मग सुरू झाला पण आवाज वर-खाली, हुंऽऽ-हुं-हुंऽऽ-हुं, दम्याच्या माणसासारखा, आणि एसी लावला की गप्प. दुरुस्तीवाल्याने कार्बोरेटर काढून माझ्यासमोर त्याची वाटी उघडली. तळाला काकवीसारखा तपकिरी चिकट थर आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या फर्निचरच्या पॉलिशचा. त्यातली जेट नावाची जी बारीक छिद्रं असतात त्यांतून सुई पण जाईना. कार्बोरेटर बदलला, मजुरी धरून चारशेच्या वर डॉलर गेले. जनरेटरच्या मीटरवर तेव्हा जेमतेम १०० तास झाले होते. म्हणजे वापरून झिजला नव्हता, नुसता पडून खराब झाला होता.

तर यावर उपाय दोन, आणि दोन्ही करायचे.

पहिला, महिन्यातून एकदा २ तास जनरेटर चालवायचा, निम्म्या लोडवर. ओनानच्या मॅन्युअलमध्येच हे लिहिलंय. १५ मिनिटं नुसता घरघरवून बंद करणं म्हणजे व्यायामाला जाऊन सेल्फी काढून येणं. नीट तापला पाहिजे, म्हणजे आत साठलेली दमट हवा जाते, आणि कार्बोरेटरमधलं जुनं पेट्रोल जळून ताजं येतं. ४००० वॉटचा असेल तर २००० च्या आसपास लोड द्यायचा. उन्हाळ्यात एसी लावला की काम होतं, थंडीत मी १५०० वॉटचा इलेक्ट्रिक हीटर लावतो आणि बॅटरी चार्जिंगला, झालं. शनिवारी ११ वाजता करा, रविवारी सकाळी ७ ला नको, शेजाऱ्यांशी संबंध जनरेटरपेक्षा महाग असतात.

दुसरा, गाडी महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर. यातही क्रम आहे. आधी बाटलीवर दिलेलं माप टाकीत ओतायचं, मग वरून पेट्रोल भरायचं म्हणजे आपोआप ढवळलं जातं. टाकी जवळजवळ पूर्ण भरायची, कारण रिकाम्या जागेतल्या हवेतून ओल येते, इथेनॉल ती ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. आणि मग, हे निम्मे लोक विसरतात, जनरेटर अर्धा तास चालवायचा. स्टॅबिलायझर टाकीत आहे पण कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल आहे, तर उपयोग शून्य. आधीच शिळं झालेलं पेट्रोल याने ताजं होत नाही, हे पण लक्षात ठेवा. नासलेल्या दुधाला फ्रिजमध्ये ठेवून काय होणार.

छोटा पोर्टेबल असेल तर सोपं, पेट्रोलचा कॉक बंद करून तो स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकीतलं उरलेलं कारमध्ये ओतून टाका, महिन्या-दोन महिन्यांचं असेल तर कार खुशाल पिते.

५. प्रोपेन: शिळं होत नाही पण थंडीत रुसतं

प्रोपेनच्या टाक्या दोन प्रकारच्या. मोटारहोमच्या (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीच्या) पोटाला कायमची बसवलेली असते ती, तिला भरायला अख्खी गाडी पंपाशी न्यावी लागते. आणि ट्रेलरच्या तोंडाशी असतात ते सुटे सिलेंडर. सुट्या सिलेंडरच्या कॉलरवर बनवल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. १२ वर्षं झाली की परत तपासून शिक्का घेतल्याशिवाय भरून देत नाहीत. जुना ट्रेलर घेताना हे बघा. कायमच्या टाकीला ही भानगड नाही.

किती शिल्लक आहे हे कळायला बाजारात चुंबकवाले, ब्लूटूथवाले गेज मिळतात. मी बॅगेचा काटा वापरतो. कॉलरवर टीडब्ल्यू अशी अक्षरं आणि त्यापुढे आकडा असतो, ते रिकाम्याचं वजन, २० पाउंडच्या सिलेंडरचं बहुधा १७ च्या आसपास. काट्यावर २७ आलं तर १० पाउंड शिल्लक, म्हणजे अर्धा. बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांनी माझा काटा बघितला, काही बोलले नाहीत, ओलं फडकं घेतलं आणि सिलेंडरवरून फिरवलं. वरचा भाग भराभर वाळला, खाली जिथपर्यंत प्रोपेन होतं तिथपर्यंत ओल राहिली. लहानपणापासून घरी बघितलेलं, इथे येऊन विसरलो होतो.

दुकानाबाहेर पिंजऱ्यात अदलाबदलीचे सिलेंडर असतात, सोयीचे आहेत पण २० च्या सिलेंडरमध्ये बऱ्याचदा १५ पाउंडच भरलेलं असतं. पंपावर भरून घ्या, स्वस्त पडतं. पूर्ण भरला म्हणजे ८० टक्के, वरची जागा फुगण्यासाठी सोडतात, तेव्हा "पूर्ण भर ना बाबा" म्हणून भरणाऱ्याशी वाद घालू नका.

व्हॉल्व हळूहळू उघडायचा. झटक्यात उघडला तर सुरक्षेसाठी असलेला व्हॉल्व त्याला गळती समजतो आणि प्रवाह अडवतो, मग शेगडी मिणमिणते आणि जनरेटर सुरूच होत नाही. असं झालं तर पूर्ण बंद करा, मिनिटभर थांबा, परत सावकाश. सीझनच्या सुरुवातीला सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारून बघा, बुडबुडे फुगले तर गळती. काडी पेटवून बघणारे महाभाग मी पाहिलेत.

थंडीचं म्हणाल तर प्रोपेन उणे ४४ फॅरनहाइटला उकळायचं थांबतं, तेवढी थंडी आपल्याला भेटणार नाही, पण अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जनरेटर एकदम भरपूर वाफ मागतो आणि थंडीत छोट्या, अर्ध्या रिकाम्या सिलेंडरमधून तेवढी तयार होत नाही. सिलेंडरच्या बाहेर दव-बर्फ चढतं आणि जनरेटर गचके खायला लागतो. लोड कमी करा, भरलेला सिलेंडर लावा. सिलेंडरला शेकोटी किंवा हीटर दाखवू नका.

आणि आय-९५ ने दक्षिणेला जाणाऱ्या न्यू जर्सीकरांसाठी खास: बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांपेक्षा मोठा प्रोपेनचा सिलेंडर न्यायला मनाई आहे. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचे, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, त्यामुळे आता आय-६९५ ने शहराला पश्चिमेकडून वळसा. कारचं जीपीएस हे सांगत नाही, ते खुशाल बोगद्यात घालतं.

६. डिझेल

माझ्याकडे डिझेल नाही, पण ज्या मित्राबरोबर ट्रिपा करतो त्याच्याकडे डिझेल पुशर आहे, त्याच्या गाडीवर बघितलेलं लिहितो.

पंपावर नळीच्या रंगावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी डिझेलची नळी हिरवी असते, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलची हिरवी असते. अक्षरं वाचा. मग डीईएफ. साधारण २०१० नंतरच्या डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, त्यात युरियाचं पाणी जातं. ते डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर किल्ली फिरवायची पण नाही, सरळ टो ट्रक बोलवायचा, नाहीतर गाडी आणि जनरेटर दोन्हीचे पंप-इंजेक्टर गेले. शेताच्या कामाचं लाल रंगाचं स्वस्त डिझेल "फक्त जनरेटरसाठी" म्हणून भरायचं असंही काही जण सुचवतात. टाकी एकच आहे, रस्त्यावर लाल डिझेल बेकायदा आहे, दंड भरावा लागतो.

डिझेलच्या टाकीत पाणी साठलं की पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशी वाढते, काळा शेवाळासारखा गाळ होतो आणि फिल्टर तुंबतो. टाकी भरलेली ठेवा, गर्दीच्या पंपावर भरा म्हणजे ताजं मिळतं, लांब ठेवणार असाल तर बायोसाइड (बुरशी मारायचं औषध) घाला. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं. फ्लोरिडात जानेवारीत भरलेलं डिझेल घेऊन बर्फात परत आलात तर ते थंडीसाठी बनवलेलं नसतं, वाटेत उत्तरेकडे आल्यावर परत भरा किंवा गोठायच्या आधी अँटिजेल (डिझेल गोठू न देणारं औषध) घाला, गोठल्यावर नाही. आणि ८००० वॉटचा डिझेल जनरेटर फक्त फोन चार्ज करायला तासन्‌तास चालवू नका, कमी लोडवर इंधन पूर्ण जळत नाही आणि काजळी धरते.

७. लोड आणि उंची

इंधन चांगलं आहे तरी जनरेटर धापा टाकतोय असं वाटलं तर दोन गोष्टी बघा.

लोड: एसी १५०० वॉटच्या आसपास आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त, मायक्रोवेव्ह १५००, केटल १५००, आपला मिक्सर ७५०. एसी चालू असताना कोणी चहासाठी केटल आणि कोणी चटणीसाठी मिक्सर लावला की ४००० चा हिशोब संपलाच. आमच्याकडे नियम आहे, मोठं काही लावायच्या आधी ओरडून विचारायचं. पेट्रोलचा ४००० चा जनरेटर रिकामा चालला तरी तासाला साधारण एक तृतीयांश गॅलन पितो आणि पूर्ण लोडवर दोन तृतीयांशच्या आसपास, त्यामुळे एकट्या फोनसाठी चालवण्यापेक्षा चार्जिंग, मायक्रोवेव्ह, मिक्सर अशी सगळी कामं एका तासात उरकलेली परवडतात.

उंची: दर १००० फुटांमागे सुमारे साडेतीन टक्के ताकद कमी होते. यलोस्टोनमध्ये ८००० फुटांच्या जवळ कॅम्प केला तर माझ्या ४००० चे ३००० सुद्धा राहत नाहीत. काही कार्बोरेटरवाल्या मॉडेलना उंचीची छोटी खुंटी असते, ती वर गेल्यावर फिरवायची आणि खाली आल्यावर आठवणीने परत आणायची. मी आणली नव्हती.

नॅशनल पार्कमध्ये वेळा ठरलेल्या असतात, यलोस्टोनमध्ये जिथे परवानगी आहे तिथे सकाळी ८ ते रात्री ८, बाकी ठिकाणी वेगळ्या, बुकिंग करतानाच वाचा. इडलीचं पीठ वाटायचं असेल तर आदल्या संध्याकाळी ८ च्या आत वाटून ठेवा.

८. यात चालढकल नाही

जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं, मळमळतं, आपण म्हणतो प्रवासाचा त्रास असेल. धुराच्या नळीच्या वरची खिडकी बंद ठेवा, शेजारच्या साइटचा जनरेटर तुमच्या खिडकीकडे तोंड करून असेल तर सरळ जाऊन सांगा. डिटेक्टरला फक्त बॅटरी बदलून भागत नाही, ५ ते ७ वर्षांनी तो अख्खा बदलावा लागतो. पोर्टेबल जनरेटर गाडीत, तंबूत किंवा छताखाली चालवायचा नाही, पाऊस आला तरी.

पंपावर जाण्याआधी जनरेटर बंद, प्रोपेनची शेगडी, फ्रिज, गीझर सगळं बंद. लाल कॅन भरताना जमिनीवर ठेवून भरा, गाडीच्या आत किंवा ट्रकच्या मागे ठेवून नाही, स्थिर विजेची ठिणगी पडते. गरम जनरेटरमध्ये पेट्रोल ओतू नका, २०-२५ मिनिटं गार होऊ द्या. पेट्रोलचा कॅन आणि सुटा सिलेंडर राहायच्या जागेत ठेवून प्रवास करायचा नाही.

९. ऑक्टोबरचा एक शनिवार

मी आता हे सगळं एकाच दिवशी करतो. सकाळी पंपावर जाऊन आधी स्टॅबिलायझर, मग टाकी फुल. घरी येईपर्यंत गाडीच्या इंजिनात ते पोचतं. मग हीटर लावून जनरेटर अर्धा तास. तो गरम असतानाच ऑइल बदलतो, माझ्या मॉडेलला १५० तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. एअर फिल्टरमध्ये उंदराने घर केलंय का बघतो, एकदा केलं होतं, गादीतला कापूस आणून. प्रोपेनचा व्हॉल्व बंद. मध्ये एखादी उबदार दुपार मिळाली, डिसेंबरात नाहीतर फेब्रुवारीत, तर २ तास चालवून घेतो.

जनरेटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरी चिकटपट्टी लावलीय, तिच्यावर पेनाने तारीख, मीटरचे तास आणि टाकीत काय आहे ते लिहितो. शेवटची ओळ आहे: १८ ऑक्टो, २१२ तास, ई१०, स्टॅब घातलं, ऑइल बदललं.